जे नंतर बदलत नाही, ते आधी पाहा

सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटले की चर्चा प्रोसेसरपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. आय-फाइव्ह पुरेल की आय-सेव्हन घ्यावा, इंटेल की एएमडी, की थोडे पैसे जमवून सरळ मॅक? या चर्चेत चुकीच्या गोष्टीला पहिला मान मिळतो, असे माझे म्हणणे आहे. प्रोसेसर बिनमहत्त्वाचा नाही. पण मध्यम किमतीच्या आजच्या लॅपटॉपमध्ये रोजचे काम सहसा त्याच्यामुळे अडत नाही. ते अडते मेमरीमुळे, तापण्यामुळे, डोळ्यांना त्रास देणाऱ्या स्क्रीनमुळे, कच्च्या कीबोर्डमुळे आणि बिघाड झाल्यावर सुटा भाग न मिळाल्यामुळे. यांतल्या बहुतेक गोष्टी यंत्र एकदा घरी आणले की बदलता येत नाहीत. प्रोग्रॅम संथ चालण्याची कारणे मात्र बऱ्याचदा सॉफ्टवेअरमध्येच असतात आणि ती पुढे दूर होऊ शकतात. म्हणून हातातल्या रकमेची वाटणी करताना, जे पुढे बदलता येणार नाही त्याला पैसे आधी आणि जे बदलता येईल त्याला नंतर, हा क्रम धरावा. खाली मांडलेले सगळे याच एका मुद्द्याच्या अंगाने आहे.

हा प्रश्न नेमका कोणाचा, हे आधी स्पष्ट असलेले बरे. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या मोठ्या कंपनीत काम करणाऱ्याला यंत्र कंपनी देते. त्याच्या पसंतीला फारसा वाव नसतो. स्वतःच्या खिशातून लॅपटॉप घेतो तो इंजिनिअरिंगचा, बीसीएचा किंवा एमसीएचा विद्यार्थी, घरून कामे घेणारा फ्रीलान्सर, आणि नाशिक-कोल्हापूर-नागपूरसारख्या शहरांतली पाच-दहा माणसांची छोटी कंपनी. या सगळ्यांना घेतलेले यंत्र चार-पाच वर्षे वापरायचे असते. विद्यार्थ्याच्या बाबतीत तर गंमत अशी असते की पहिल्या वर्षाला सी आणि पायथनचे धडे कोणत्याही जुन्या डबड्यावर चालतात, आणि खरा ताण तिसऱ्या वर्षी येतो. तेव्हा अँड्रॉइड स्टुडिओ, डॉकर, डेटाबेस आणि मशीन लर्निंगचा प्रकल्प एकदमच अंगावर येतात. खरेदी पहिल्या वर्षीच्या गरजेवर बेतलेली असते आणि अडचण तिसऱ्या वर्षी कळते.

मेमरीपासून सुरुवात करू, कारण खोळंबा सर्वांत आधी तिथे होतो. ८ जीबी रॅमच्या यंत्रावर विंडोज ११ सुरू केले आणि दुसरे काहीच उघडले नाही, तरी तीनेक जीबी गेलेली असते. त्यावर ब्राउझरचे वीसेक टॅब उघडतात. व्हीएस कोड येतो, त्याच्या मागे कोड तपासत बसणारा भाषेचा सर्व्हर येतो, स्लॅक येते. व्हीएस कोड आणि स्लॅक दोन्ही इलेक्ट्रॉनवर बांधलेले असल्याने प्रत्येक जण स्वतःचे ब्राउझर इंजिन बरोबर घेऊन येतो. डॉकर लागला तर विंडोज आणि मॅक या दोन्हींवर तो आतल्या आत लिनक्सचे एक आभासी यंत्र चालवतो. विंडोजच्या आत लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल २ मुळातल्या सेटिंगप्रमाणे एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत हात मारू शकते. अँड्रॉइड स्टुडिओसाठी गूगलने सांगितलेली किमान गरज ८ जीबीची असली, तरी एम्युलेटरही चालवायचा तर तीच १६ वर जाते. मेमरी भरली की ऑपरेटिंग सिस्टीम काही माहिती एसएसडीवर हलवते आणि हवी तेव्हा परत आणते. रॅममधून माहिती यायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, तर चांगल्या एनव्हीएमई एसएसडीवरून त्याच्या शेकडो पट. एडिटरमधून ब्राउझरमध्ये गेल्यावर पडदा क्षणभर गोठतो, टाइप केलेली अक्षरे उशिरा उमटतात, ते यामुळे. अशा वेळी आय-सेव्हनही तसाच थांबून राहतो. म्हणून १६ जीबी ही आजची किमान पातळी मानावी. दोन-तीन कंटेनर, एम्युलेटर आणि जेटब्रेन्सचा एखादा आयडीई हे रोजचे काम असेल, तर ३२ जीबी चैनीची ठरत नाही. ॲपलसारख्या कंपनीनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये एअरसकट सर्व मॅकची सुरुवात ८ वरून १६ जीबीवर नेली.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो: आत्ता ८ जीबीचा घेऊ, पुढे लागेल तेव्हा वाढवू. हा सल्ला एके काळी बरोबर होता. आज त्यात दोन अडचणी आहेत. पहिली, अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, वाढवायला जागाच नसते. ॲपलच्या एम मालिकेत ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसते. इंटेलने २०२४ मध्ये आणलेल्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेतही तसेच आहे आणि तिथे कमाल मर्यादा ३२ जीबीची आहे. दुसरी अडचण किमतीची. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची प्रचंड मागणी केली, भाव झपाट्याने चढले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. लॅपटॉपची रॅम वाढवणाऱ्यांत क्रुशल हे नेहमीचे नाव होते. रॅम दर वर्षी स्वस्तच होत जाते, या गृहीतावर खरेदी आखण्याचे दिवस सध्या तरी नाहीत. म्हणून १६ जीबी पहिल्याच दिवशी घ्यावी, शक्यतो एकाच पट्टीत, आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवावा. एकाच पट्टीमुळे मेमरीची बँडविड्थ निम्मी होते हे खरे. त्याचा फटका खेळांना आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सला बसतो, कोड लिहिण्याच्या कामात तो क्वचितच जाणवतो. स्लॉट आहे की नाही, हे दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर सोडू नये. लेनोवोच्या प्रत्येक मॉडेलचा तपशील पीएसआरईएफ या त्यांच्या संकेतस्थळावर असतो आणि रॅम सोल्डर केलेली आहे का, स्लॉट किती, कमाल किती जीबी, हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. एचपी आणि डेल आपल्या अनेक मॉडेलांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका प्रसिद्ध करतात. पैसे मोजण्याआधी दहा मिनिटे हे वाचण्यात घालवली तर चार वर्षांचा मनस्ताप टळतो.

आता प्रोसेसरकडे येऊ, आणि त्याच्या नावापासूनच येऊ, कारण सर्वांत जास्त फसगत नावातच होते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतली तीन नावे शेजारी ठेवून पाहा: रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू. तिन्ही ‘रायझन ५’, तिन्ही आकडे जवळजवळचे. पण त्या काळच्या एएमडीच्या पद्धतीप्रमाणे खरी रचना तिसऱ्या अंकात दडलेली असते. पहिल्यात दोन म्हणजे झेन २, दुसऱ्यात तीन म्हणजे झेन ३, तिसऱ्यात चार म्हणजे झेन ४. ‘७’ हा पहिला अंक फक्त वर्ष सांगतो. म्हणजे ७५२०यू घेणारा २०२३ चे लेबल लावलेली पण मूळ २०१९ ची रचना घेत असतो, आणि तीही चारच कोअरची. इंटेलकडे गोंधळ वेगळ्या प्रकारचा आहे. बाराव्या पिढीतला आय-सेव्हन १२५५यू आणि त्याच पिढीतला आय-फाइव्ह १२५००एच यांत ‘सेव्हन’ मोठा वाटतो. प्रत्यक्षात पहिल्यात वेगवान कोअर दोन आणि छोटे आठ. दुसऱ्यात वेगवान चार आणि छोटे आठ. पहिला १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेला, दुसरा ४५ वॉटच्या. काही मिनिटे सलग चालणाऱ्या बिल्डला दुसराच पुढे राहतो. शेवटचे अक्षर इथे मधल्या आकड्यापेक्षा जास्त बोलते: यू म्हणजे बॅटरी आणि हलकेपणाला झुकते माप, एच म्हणजे ताकदीला. फलकावरचे ‘आय-सेव्हन’ पाहून पाच-दहा हजार जास्त देणारा ग्राहक बऱ्याचदा कमी ताकदीचे यंत्र घेऊन घरी जातो.

नाव नीट वाचले, तरी प्रोसेसरवर किती खर्च करायचा हा प्रश्न उरतो. माझ्या मते एका मर्यादेपुढे फार नाही, आणि त्यामागे ठोस कारण आहे. कोअर वाढवले म्हणून काम त्या प्रमाणात लवकर होत नाही. जेवढा भाग एकामागून एकच करावा लागतो तो शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो, हे जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच मांडले होते. सी++ च्या शेकडो फाइली अनेक कोअरांत वाटून कंपाइल होतात, पण शेवटच्या जोडणीच्या टप्प्यावर बरेच कोअर हात बांधून बसतात. टाइपस्क्रिप्टचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गो भाषेत नव्याने लिहीत असल्याचे जाहीर केले. व्हीएस कोडच्या सुमारे पंधरा लाख ओळी तपासायला जुन्या कंपायलरला ७७.८ सेकंद लागत होते, नव्याला ७.५ लागले. यंत्र तेच, काम तेच, वेग दहापट. दुकानातला कोणताही महागडा प्रोसेसर ही उडी मारून देत नाही. असेच छोट्या प्रमाणावर रोज घडत असते. विंडोजवर डब्ल्यूएसएलमध्ये काम करणारे अनेक जण प्रकल्पाची फोल्डरे सी ड्राइव्हवर ठेवतात आणि लिनक्समधून ती उघडतात. दोन फाइल सिस्टीममधला हा प्रवास इतका संथ असतो की हजारो छोट्या फाइलींचा नोडचा प्रकल्प रखडत चालतो. तेच फोल्डर लिनक्सच्या बाजूला हलवले की फरक लगेच दिसतो. अँटिव्हायरस प्रत्येक छोटी फाइल तपासत बसतो, हेही एक कारण. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये ‘डेव्ह ड्राइव्ह’ आणला तो याच दुखण्यावर. यंत्र संथ आहे अशी तक्रार करण्याआधी टास्क मॅनेजर उघडून मेमरी, डिस्क आणि प्रोसेसर यांतले नेमके काय भरलेले आहे हे पाहावे. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आढळणे तितके नेहमीचे नाही.

काही कामांना मात्र खरेच घसघशीत प्रोसेसर लागतो, हे मान्य करायला हवे. क्रोमियम बांधायचा तर त्याच्या सूचनांमध्येच १६ जीबीहून जास्त रॅमची जोरदार शिफारस आणि किमान १०० जीबी मोकळ्या जागेची अट आहे. संपूर्ण अँड्रॉइड बांधण्यासाठी गूगल ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी जागा सांगते. गेमचे इंजिन, मोठे सी++ किंवा रस्टचे प्रकल्प यांतही प्रत्येक कोअर उपयोगी पडतो. पण या यादीतही मेमरी आणि जागा यांचे आकडे आधी आहेत, आणि असे काम करणारे लोक शक्यतो ते लॅपटॉपवर करतच नाहीत. वेब, मोबाइल ॲप, डेटाबेस, पायथन या कामांसाठी सहा ते आठ खरे कोअर असलेला, गेल्या तीन-चार वर्षांतल्या रचनेचा कोणताही प्रोसेसर पुरतो. एसएसडीबद्दल थोडक्यात एवढेच: ५१२ जीबीच्या खाली जाऊ नये, ती एनव्हीएमई असावी, आणि दुसरी बसवायला जागा असेल तर उत्तम.

उष्णतेचा मुद्दा मात्र महाराष्ट्रात वेगळ्या गांभीर्याने घ्यायला हवा. ॲपलच्या तपशीलपत्रात मॅकबुक वापरण्याचे भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस दिलेले आहे. इतर अनेक कंपन्यांची वरची मर्यादाही ३५ च्याच घरात असते. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, अकोला इथे पारा ४५ च्या आसपास जातो आणि कूलर बंद पडलेल्या खोलीत दुपारी ३५ अंश हे स्वप्नच असते. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःचा वेग उतरवतो. पुण्यात हिवाळ्यात चाचणी करून गोड वाटलेला पातळ लॅपटॉप विदर्भातल्या उन्हाळ्यात निम्म्या वेगावर येऊ शकतो, कारण उष्णता बाहेर टाकायला भोवतालची हवाच थंड नसते. मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. छोट्या छोट्या कामांत तो उत्तम, पण सलग पंधरा-वीस मिनिटांचे बिल्ड चालवले की मंदावतो. म्हणून खरेदीच्या वेळी पंखे किती, गरम हवा कुठून बाहेर पडते, खालचे झाकण स्क्रूने उघडून धूळ साफ करता येते का, हे विचारणे हा बारकावा नव्हे. रस्त्यालगतच्या घरात दोन वर्षांत पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर चढतो आणि लॅपटॉप नवा असताना होता त्याहून बराच गरम राहू लागतो.

याच कारणाने गेमिंग लॅपटॉपची बाजू घ्यावीशी वाटते. घरातली वडील मंडळी ‘गेमिंग’ हा शब्द ऐकून दचकतात, आणि जाणकारही त्याला वजनदार खेळणे म्हणून हिणवतात. पण साठ-सत्तर हजारांच्या टप्प्यात एच वर्गाचा प्रोसेसर, रॅमचे दोन स्लॉट, एसएसडीच्या दोन जागा आणि दोन दणकट पंखे हे सगळे एकत्र मिळते ते प्रामुख्याने याच गटात. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असल्याने क्युडा शिकणाऱ्या विद्यार्थ्याचीही सोय होते. तोटे खरे आहेत: वजन सव्वादोन-अडीच किलो, चार्जरचा ठोकळा वेगळा, ग्राफिक्स कार्ड जागे राहिले तर बॅटरी तीन-चार तासांत संपते. रोज लोकलने किंवा एसटीने कॉलेजला जाणाऱ्याच्या पाठीला हे ओझे जाणवेल. ज्याचे काम मुख्यतः हॉस्टेलच्या किंवा घरच्या टेबलावर चालते, त्याला मात्र एवढ्या पैशांत इतके वाढवता येण्याजोगे यंत्र दुसरे मिळणे कठीण आहे.

स्क्रीन आणि कीबोर्ड यांकडे दुकानात कोणी बघत नाही, आणि दिवसातले आठ-दहा तास नजर आणि बोटे तिथेच असतात. स्वस्त लॅपटॉपवर ‘फुल एचडी’ लिहिलेले असते, पण बऱ्याचदा ते २५० निट्स उजेडाचे आणि फिक्या रंगांचे पॅनेल असते. खिडकीशेजारी बसले की गडद थीमवरचा कोड दिसेनासा होतो. ३०० निट्सच्या खाली जाऊ नये. दुसरी गोष्ट आकाराची. १९२०×१०८० ऐवजी १९२०×१२०० ची स्क्रीन घेतली तर उंचीत १२० पिक्सेल वाढतात. व्हीएस कोडच्या नेहमीच्या अक्षरात एक ओळ साधारण वीस पिक्सेलची धरली तर पाच-सहा ओळी जास्त दिसतात. फंक्शनचा शेवट आणि सुरुवात एकाच वेळी डोळ्यांसमोर असणे हा फायदा वर्षभर रोज मिळतो. कीबोर्डच्या बाबतीत इतिहासाचा धडा आहे. ॲपलने २०१५ पासून ‘बटरफ्लाय’ पद्धतीचा अतिपातळ कीबोर्ड आणला; बारीक धूळ गेली की अक्षर दोनदा उमटायचे किंवा उमटायचेच नाही. २०१९ च्या अखेरीस कंपनी पुन्हा जुन्या कात्री पद्धतीकडे वळली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतला ग्राहकांचा दावा ५ कोटी डॉलर मोजून मिटवायला राजी झाली. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीच्या सर्वांत महाग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ठणठणीत आणि कीबोर्ड निकामी, असे चार वर्षे चालले. एक अपवाद मान्य करतो: एकाच टेबलावर काम करणाऱ्याने दहा हजारांच्या आसपास मिळणारा २४ इंची मॉनिटर आणि साधा वेगळा कीबोर्ड घेतला तर या दोन्ही उणिवा भरून निघतात. तेव्हा ‘बदलता न येणारे’ काय, हे काही अंशी माणसाच्या राहणीवरही ठरते.

मॅकच घ्यावा, हा सल्ला आता इतका ऐकू येतो की त्याला नीट उत्तर द्यायला हवे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ ने लॅपटॉपची व्याख्याच हलवली, यात शंका नाही. गरम न होता, दिवसभर बॅटरीवर, इतक्या वेगाने चालणारे यंत्र त्याआधी नव्हते. आयफोनसाठी ॲप लिहायचे तर एक्सकोड फक्त मॅकवर चालते, त्यामुळे तिथे वादच नाही. मार्च २०२५ मध्ये एम४ एअर भारतात ९९,९०० रुपयांना आला, १६ जीबी रॅमसह, आणि झाकण उघडे ठेवून दोन बाहेरचे मॉनिटर चालवण्याची सोय घेऊन. एम१ आणि एम२ एअरला एकच मॉनिटर जोडता यायचा. पण रॅम आणि एसएसडी दोन्ही कायमची. वाढीव रॅमची किंमत खरेदीच्या वेळीच वीस हजारांच्या पायऱ्यांनी मोजावी लागते. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर काम करणाऱ्या असंख्य छोट्या कंपन्यांना मॅकचा उपयोग नाही. मॅकसाठीचे व्हिज्युअल स्टुडिओही मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. काही डॉकर इमेजेस फक्त एक्स८६ साठी बनलेल्या असतात आणि त्या मॅकवर भाषांतराच्या थरातून रांगत चालतात. स्वस्तात मिळतो म्हणून जुना इंटेल मॅक तर घेऊच नये: इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती मॅकओएस २६ असेल, हे ॲपलने जाहीर केले आहे. ज्याची ऐपत लाखाची आणि काम वेबचे किंवा आयफोनचे, त्याने एअर घ्यावा आणि उरलेले पैसे प्रो मॉडेलऐवजी रॅमच्या पुढच्या पायरीवर घालावेत. लाखासाठी कर्ज काढावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हा सल्ला देणे अन्यायाचे आहे.

‘एआय पीसी’ हा सध्याचा सर्वांत मोठा गलबला. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’ची अट घातली: ४० टॉप्सचा एनपीयू (एआयच्या गणितांसाठीचा खास प्रोसेसर), १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण. यातली रॅमची अट स्वागतार्ह आहे. एनपीयूचा मात्र कोड लिहिणाऱ्याला आज जवळजवळ उपयोग नाही. कोड सुचवणारे सहायक दूरच्या सर्व्हरवर चालतात. त्यांना लॅपटॉपकडून हवे असते ते चांगले इंटरनेट. मॉडेल स्वतःच्या यंत्रावर चालवायचे असेल, तर पुन्हा प्रश्न मेमरीचाच येतो. सात अब्ज पॅरामीटरचे मॉडेल चार बिटांत दाबले तरी चार-पाच जीबी जागा घेते, तीस अब्जांचे वीसच्या आसपास. त्यासाठी ग्राफिक्स कार्डाची मेमरी किंवा मॅकची सामाईक मेमरी लागते, एनपीयूचे लेबल नव्हे.

मग सगळे क्लाउडवरच का चालवू नये? गिटहब कोडस्पेसेसवर वैयक्तिक खात्याला दोन कोअरच्या यंत्राचे दर महिन्याला साठ तास फुकट मिळतात, आणि हातातले ८ जीबीचे यंत्र बदलण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याला हा खरोखर मोठा आधार आहे. पण साठ तास म्हणजे रोजचे दोन. त्यापुढे बिल सुरू होते, आणि तालुक्याच्या गावी वीज गेली की ब्रॉडबँडही जाते. क्लाउड ही गरजेची काठी आहे, रोजचा रस्ता नाही. डेस्कटॉपचा पर्याय याहून सरस: तेवढ्याच पैशांत जास्त ताकद, जास्त रॅम, थंडावा आणि कोणताही भाग बदलण्याची मुभा. एका जागी बसून काम करणाऱ्या फ्रीलान्सरने त्याचा गंभीरपणे विचार करावा, सोबत यूपीएस धरून. लिनक्स वापरण्याची तयारी असेल तर आणखी फायदा होतो, कारण तिथे डॉकरला आभासी यंत्राची गरज पडत नाही आणि तेवढी मेमरी वाचते. फक्त वाय-फायची चिप आणि ग्राफिक्स यांना लिनक्स नीट ओळखतो का, ते आधी पाहून घ्यावे. बॅटरीचा हिशेब ‘बारा तास’ या जाहिरातीवरून न करता वॉट-अवरवरून करावा. स्वस्त लॅपटॉपमध्ये ४२ वॉट-अवरच्या आसपास असते, आणि एडिटर, ब्राउझर, वाय-फाय मिळून दहा वॉट खात असतील तर चार तास, बिल्ड सुरू झाले की त्याहून कमी.

शेवटचा आणि बजेट आखडते असलेल्यांसाठी सर्वांत कामाचा मुद्दा दुरुस्तीचा. घरगुती ग्राहकांसाठीची मॉडेले दर वर्षी बदलतात आणि तीन वर्षांनी त्यांची बिजागरी किंवा बॅटरी शोधणे मुश्किल होते. कंपन्यांना विकली जाणारी थिंकपॅड, एलिटबुक आणि पूर्वीची लॅटिट्यूड ही घराणी वेगळी: सुटे भाग वर्षानुवर्षे मिळतात, दुरुस्तीच्या पुस्तिका उघड असतात. यंत्रे उघडून दुरुस्तीची सोय तपासणाऱ्या आयफिक्सिटने २०२४ मध्ये थिंकपॅड टी१४ च्या पाचव्या पिढीला दुरुस्तीसाठी दहापैकी नऊ गुण दिले होते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, पण बीडच्या किंवा गडचिरोलीच्या ग्राहकाला त्याहून जास्त उपयोगी पडते ती घरी येऊन दुरुस्ती करणारी ऑनसाइट वॉरंटी, आणि ती आपल्या पिनकोडला लागू आहे का हे लेखी विचारून घेणे. नव्या व्यावसायिक लॅपटॉपच्या किमती चढ्या असतात. जीएसटी नोंदणी असलेल्या फ्रीलान्सरला १८ टक्के कराची वजावट मिळत असल्याने तो फरक काहीसा भरून निघतो. विद्यार्थ्याला ती सोय नाही. त्याच्यासाठी चांगला मार्ग म्हणजे कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून परत केलेली तीच घराणी, जी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. १६ जीबी रॅमचा जुना थिंकपॅड ८ जीबीच्या नव्या कोऱ्या चकचकीत लॅपटॉपपेक्षा चांगला, हे मी बिनदिक्कत म्हणेन. मात्र तिथे डोळे उघडे हवेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे कितीही स्वस्त असली तरी विंडोजसाठी घेऊ नयेत. विंडोजच्या पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी रिपोर्ट दुकानातच काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता यांची तुलना करावी. बायोसला पासवर्ड नाही ना, ते पाहावे. आणि विंडोज समोरच रिसेट करून इंटरनेटला जोडून पाहावे. जुन्या मालक कंपनीने यंत्राची नोंद काढलेली नसेल तर सुरुवातीलाच तिच्या खात्याचे लॉगिन मागितले जाते, आणि असे यंत्र कितीही चांगले दिसले तरी ते तिथेच ठेवून दुसरे मागावे.